हॉकी खेळणारा परका मुलगा सात महिने घरी ठेवायचा आहे, ठेवू का?

नाशिककर_गारठलेला

नमस्कार मंडळी. उत्तर शुक्रवारच्या आत द्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय.

आम्ही दीड वर्षापूर्वी कॅनडात, सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिणेला एका छोट्या गावात आलो. गावाचं नाव लिहीत नाही. दहा-बारा हजार वस्ती, मराठी घरं दोन, त्यातलं एक आमचं. नाव लिहिलं काय आणि आधार कार्ड चिकटवलं काय, सारखंच. बायको हॉस्पिटलात नर्स, मी शेतीच्या यंत्रांच्या दुकानात पार्ट्सच्या काउंटरला. मुलगी नऊ वर्षांची.

गावाला ज्युनियर आइस हॉकीचा संघ आहे. आम्ही आजवर एकच मॅच बघितली, तीही फुकट तिकिटं मिळाली म्हणून, आणि पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कुठाय हे मला शेवटपर्यंत दिसलं नाही. बायकोच्या वॉर्डातली एक बाई या संघाचं बिलेटचं काम बघते. बिलेट म्हणजे बाहेरगावच्या खेळाडूला सीझनभर आपल्या घरात ठेवून घ्यायचं, खाऊपिऊ घालायचं. यंदा त्यांना घरं कमी पडताहेत. चहा पिता पिता तिने विचारलं, तुमची बेसमेंटची खोली रिकामीच असते ना? आमच्या हिने सांगून टाकलं, हो, रिकामीच आहे. तो होकार होता की नुसती माहिती, यावर घरात दोन दिवस वाद चाललाय.

माझ्या शंका अशा. आमच्याकडे अंडं चालतं, मांस-मच्छी शिजत नाही. अठरा वर्षांचा हाडापेराचा मुलगा आमच्या जेवणावर कसा तगणार? घरात लहान मुलगी आहे, हे दुसरं. डिसेंबरात नाशिकला चुलतभावाचं लग्न, तीन आठवडे जायचंय, तेव्हा याचं काय करायचं? आणि ही लीग नेमकी काय चीज आहे, ही मुलं दिवसभर करतात काय, हेही कुणी सांगा. कुणी केलंय का असं?

रिजायनाकर

लीगचं मी सांगतो, घरचं ज्यांनी केलंय ते सांगतील.

इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. आपली हॉकी म्हणजे 'फील्ड हॉकी', आणि ती मी शाळेत खेळायचो म्हटल्यावर लोक मायेने बघतात.

कॅनडात ज्युनियर म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांची मुलं. सगळ्यात वर मेजर ज्युनियर, त्यात तीन लीग: वेस्टर्न, ओंटारियो आणि क्यूबेकची. त्याखाली ज्युनियर ए, बहुतेक प्रांतांची आपापली. आपली एसजेएचएल, म्हणजे सस्कॅचवान ज्युनियर हॉकी लीग. बारा संघ: अकरा सस्कॅचवानमधले आणि एक फ्लिन फ्लॉन, जे सरहद्दीला चिकटून पण मॅनिटोबात. सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकी ५६ मॅचेस, निम्म्या घरी, निम्म्या बाहेर. मग प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या, दर फेरीत सातातल्या चार जिंकायच्या.

पूर्वी ज्युनियर ए ला येण्याचं एक ठोस कारण असायचं. मेजर ज्युनियर खेळलेल्या मुलाला अमेरिकेतली कॉलेजं घेत नसत, त्यांच्या लेखी तो व्यावसायिक ठरायचा. कॉलेजचं स्वप्न असलेली मुलं म्हणून मुद्दाम एक पायरी खाली खेळायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलायचं ठरलं आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनियरवाल्यांनाही दार उघडलं. त्याआधीच २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाची लीग 'हॉकी कॅनडा' या देशाच्या हॉकी संघटनेतून बाहेर पडली होती, आणि जानेवारी २०२४ मध्ये अल्बर्टाचे पाच संघ तिकडे फुटले. एकूण ज्युनियर ए ची सध्या वाटणीच्या वेळच्या वाड्यासारखी गत आहे. तुमच्याकडे येणारा मुलगा या गोंधळातला असेल. एनएचएल, म्हणजे ती वरची व्यावसायिक लीग, वगैरे डोक्यातून काढा. कॉलेजात जागा मिळाली तरी पोरगं जिंकलं.

सदाशिव_पेठी

अवांतर: आपल्याकडेही बर्फावरची हॉकी आहे म्हटलं. भारताच्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपमध्ये कांस्य आणलं, संघात लडाखच्या मुली भरलेल्या. नैसर्गिक बर्फावर शिकलेल्या, आणि हिवाळा संपला की सराव संपला. चालू द्या.

मिरजकर_मावशी

दादा, आम्ही केलंय. २०२३-२४ चा अख्खा सीझन, आणि एक नाही, दोन मुलं. मीही दक्षिणेतलीच, बहुधा तुमच्या संघाशी वर्षातून सात-आठदा भांडणाऱ्या गावातली. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचा मुलगा सस्काटूनला युनिव्हर्सिटीत गेला आणि घर खायला उठलं. हे वीजकेंद्रात शिफ्टला, मी लॅबमध्ये, आणि सासूबाई मिरजेहून आलेल्या, खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. बाहेर काय, तर गहू. तो कापला की काहीच नाही. त्यात बिलेटचं विचारणं आलं आणि मी तुमच्या बायकोसारखंच पटकन हो म्हणून बसले.

आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पोलिसांचा दाखला लागतो. सासूबाईंचाही. "माझ्यावर कसली केस असणार, भाऊबंदकीची सोडून?" असं त्या काउंटरवर म्हणाल्या, मराठीत, म्हणून वाचलो.

ऑगस्टच्या शेवटी मुलं आली. एक फॉरवर्ड, जर्सी सतरा नंबर, ओंटारियोतल्या थंडर बेचा. दुसरा गोलकीपर, बारावीत. खरी नावं लिहीत नाही, सासूबाईंना तशीही उच्चारता यायची नाहीत. त्यांनी पहिल्या रात्रीच सतरा आणि गोलू अशी दोन बारशी उरकली. मुलांना ती इतकी आवडली की गोलूने हेल्मेटच्या मागे देवनागरीत लिहून घेतलं. मीच लिहून दिलं, उकार जरा वाकडा आला.

जेवणाचं ऐका. मॅचच्या दिवशी ही मुलं दुपारी दोनच्या सुमाराला सडकून जेवतात, मग तास-दीड तास झोपतात, आणि पाचच्या आत रिंकवर. घरच्या पहिल्या मॅचला मी त्यांच्यासाठी चिकन घालून पास्ता करून ठेवला होता, पण ड्युटीवर जाताना गॅस बंद करायची विसरले आणि त्याचा कोळसा झाला. सासूबाईंनी कुकर लावला. वरण, भात, वर तूप, लिंबाची फोड, बाजूला मीठ. मुलं काही न बोलता जेवली. रात्री सतराने दोन गोल मारले आणि गोलूने एकच सोडला.

संपलं. खेळाडू माणूस जिंकल्या दिवशीचा मोजासुद्धा बदलत नाही, जेवण कुठलं बदलायला! त्यानंतर गावातल्या प्रत्येक मॅचला दुपारी दोनला वरण-भात. लिंबू राहिलं तर सतरा झोपेतून उठून मागायचा. एकदा आमच्याकडे पाहुणे होते म्हणून मी फोडणीची आमटी केली, तर दोघं पानाकडे अशी बघायला लागली की मी मुकाट उठून साधं वरण घोटलं. आठवड्याभराने थंडर बेहून त्याच्या आईचा फोन, तुरीची डाळ म्हणजे नेमकी कुठली पिवळी?

तेव्हा शाकाहाराची काळजी सोडा, पण ती गोष्ट आधी सांगून टाका. चिकन हवं तर तो बेसमेंटात एअर फ्रायरमध्ये स्वतः करील, भांडी वेगळी द्या. तुम्ही भूक किती असते याची काळजी करा. चार लिटरचा दुधाचा कॅन दोन दिवस. अंड्यांचं खोकं तेवढंच. क्लब महिन्याला काही पैसे देतो आणि सीझनचे दोन पास. पैशात किराणा पुरता निघत नाही. पासांवर सासूबाईंचा हिवाळा निघाला.

दिवसभर काय करतात, तर दुपारी सराव, मग जिम. गोलू सकाळी शाळेत जायचा. सतराची शाळा संपलेली, त्याने एक ऑनलाइन कोर्स घेतला होता आणि उरलेला वेळ स्टिकला टेप गुंडाळण्यात घालवायचा. जुनी सोलायची, नवी गुंडाळायची, टाचेपासून टोकापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, मग वरून मेण घासायचं. आमच्या आजीने वाती वळताना लावली नसेल इतकी समाधी. बोललेलं ऐकू जायचं नाही. तळघरात ड्रायरवर पक मारायचा नाही हे मात्र पहिल्या दिवशी सांगा. एनएचएलचा स्टार सिडनी क्रॉस्बी याने लहानपणी घरचा ड्रायर पोचे पाडून प्रसिद्ध केला, तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं आपलंही तसंच होणार. आमच्याला दोन पोचे आहेत.

लोक घामाच्या वासाची भीती घालतील. ती लहान मुलांच्या हॉकीत. ज्युनियरमध्ये सगळं सामान रिंकवरच्या ड्रेसिंगरूममध्ये टांगलेलं असतं, घरी येतो तो फक्त मुलगा.

सासूबाईंनी पहिली मारामारी बघितली ती ऑक्टोबरात. दोघांनी ग्लोव्ह टाकले, एकमेकांच्या जर्सीला धरलं आणि सुरू. पंच बाजूला उभे, कोण आधी पडतो त्याची वाट बघत. सासूबाई उभ्या राहून ओरडल्या, "अहो, सोडवा की कुणीतरी!" मग दोघांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवलं, मध्ये टेबलावर वेळ लिहिणारी माणसं, इकडे एक, तिकडे एक. त्या गप्पच झाल्या. घरी येताना म्हणाल्या, तुझे सासरे आणि त्यांचे भाऊ सांगलीच्या कोर्टात असेच बसायचे.

त्याच महिन्याच्या शेवटी इंग्लंडमध्ये शेफिल्डला मॅच चालू असताना अॅडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. त्या रात्री दोन्ही मुलं स्वयंपाकघरात काही न बोलता बसली होती. दुसऱ्या दिवशी सतराच्या आईचा फोन आला, त्याला नाही, मला. गळ्याला पट्टा लावतो का ते बघशील का, म्हणाली, मी विचारलं तर हो म्हणेल आणि लावणार नाही. मग मी दर मॅचला काचेपाशी जाऊन गळा बघून यायचे. पोरगं लाजायचं, पण हनुवटी वर करून दाखवायचं.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. १० जानेवारी ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्यानंतर संघांना मुलांची अदलाबदल करता येत नाही, म्हणून जे काय व्हायचं ते त्याच्या आदल्या दिवसांत आणि त्या दिवशी. दुपारी तीनला मी लॅबमध्ये असताना गोलूचा फोन आला. "मावशी, मला उत्तरेला पाठवलं." पाचला गाडी येणार होती. मी पोचेपर्यंत त्याने खोली आवरून ठेवलेली. साडेचार महिने राहिलेली खोली आवरायला चाळीस मिनिटं पुरली. डबा दिला, लाडू दिले, सासूबाईंनी हातावर दही घातलं. बारावीतलं पोर, परीक्षा जवळ आलेली, आणि दुसऱ्या दिवशीपासून शाळा निराळी, गाव निराळं, आई म्हणून स्वयंपाकघरात उभी असलेली बाईसुद्धा निराळी. यात कुणी दुष्ट नसतं. प्रशिक्षकाला डावखुरा डिफेन्समन हवा होता, त्याच्या बदल्यात गोलू गेला. पण क्लबच्या कार्यालयातून आम्हाला साधा फोन आला नाही, हे मला अजून टोचतं. त्या रात्री मी सवयीने कुकरला तेवढेच तांदूळ लावले.

(फेब्रुवारीत तो आमच्याच रिंकवर विरुद्ध बाजूने खेळायला आला. सतराचा एक शॉट त्याने गुडघ्यात अडवला आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ओळीतले सगळे वळून बघायला लागले. हेल्मेटवर 'गोलू' तसंच होतं.)

दुसरी गोष्ट बसची. इथला प्रवास म्हणजे पुणे-मुंबई नव्हे. आमच्या गावाहून फ्लिन फ्लॉन किंवा ला रॉंज सात-आठशे किलोमीटर. शुक्रवार-शनिवार तिकडे खेळायचं आणि रात्रभर प्रवास करून रविवारी पहाटे परत.

तुम्ही नवीन आहात, पण हम्बोल्टचं नाव ऐकलं असेलच. ६ एप्रिल २०१८, शुक्रवार. हम्बोल्ट ब्रॉंकोजची बस प्लेऑफच्या मॅचला निपाविनला चालली होती. हायवे ३५ आणि ३३५ च्या चौकात ट्रक थांबला नाही. बसमध्ये २९ जण, त्यातले १६ गेले. याच लीगचा संघ, याच वयाची मुलं, याच गावांमधली बिलेटची घरं. त्या आठवड्यात देशभर लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या, मुलांना लागली तर असू दे म्हणून. आम्ही तेव्हा कॅनडात नवे, घरात स्टिक कुठली असणार. मुलाने त्याची क्रिकेटची बॅट नेऊन ठेवली. ट्रकचा चालक भारतातून आलेला तरुण होता. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी मी पहिल्यांदा बिलेटची आई म्हणून रिंकवर गेले, तेव्हा आपला चेहरा बघून कुणाला ते आठवत असेल का, हे डोक्यातून जाईना. कुणी एका शब्दाने काही म्हटलं नाही. कॉफी आणून दिली उलट. मलाच वाटायचं.

तर तो जानेवारी. गोलू बुधवारी गेला आणि शनिवारी, १३ तारखेला, बस उत्तरेहून निघाली. अल्बर्टा-सस्कॅचवानात त्या दिवसांत हाडं फोडणारी थंडी होती. शेजारच्या अल्बर्टात वीज कमी पडायला लागली म्हणून आपल्या प्रांताने त्या संध्याकाळी १५३ मेगावॉट तिकडे दिली. हे ड्युटीवर होते, त्यामुळे हा आकडा आमच्या घरात पाठ आहे. सतराची गाडी दोन दिवस रिंकच्या बाहेर उभी, ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा) लावलेला नाही, म्हणजे ती सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता. आणायला मीच गेले. पहाटे सव्वाचार. पार्किंगमध्ये सात-आठ गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या, धुराचे सरळ खांब वर गेलेले, प्रत्येक गाडीत एक-एक माणूस. कुणी खाली उतरत नव्हतं, कुणी कुणाला हात करत नव्हतं. सगळ्यांचं तोंड रस्त्याकडे. लांबून बसचे दिवे दिसले तेव्हा माझ्या शेजारच्या गाडीतल्या आडदांड माणसाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मुलं उतरली, अंगात सूट, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत घरची उशी. सतरा गाडीत बसला आणि म्हणाला, हरलो. मी म्हटलं, बरं.

त्यानंतरच्या कुठल्याही शनिवारी मला झोप लागली नाही. नवरा म्हणायचा, पोटचा मुलगा सस्काटूनहून रात्री गाडी चालवत येतो तेव्हा घोरतेस. ते खरं आहे. पोटच्याची काळजी मी देवावर टाकली आहे, दुसऱ्याच्या मुलाची टाकता येत नाही. तुम्हाला खोली आणि जेवण विचारतायत, पण देताना झोप द्यावी लागते. ती द्यायची तयारी असेल तर हो म्हणा.

आमचा संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सहाव्या मॅचला हरून बाहेर पडला, घरच्या रिंकवर. सतरा त्या वर्षी वीस वर्षांचा, म्हणजे त्याची ज्युनियर हॉकी तिथेच संपली. सगळे आत गेले तरी तो बर्फावर गोलच्या जाळीला हात लावून उभा होता. झॅम्बोनीवाला (बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवणारा) दारात थांबून राहिला, त्याने गाडी आत घातली नाही. रात्री बाराला दार वाजलं. सतराच्या खांद्यावर ती अवाढव्य बॅग होती. सात महिन्यांत ती पहिल्यांदा घरी आली. आणि हो, वास खरंच भयंकर असतो.

कॅलगरीकर

मावशींचं वाचून डोळे ओले झाले, पण मुलीचा प्रश्न बाजूला राहिला म्हणून लिहितो. माझा मुलगा लहान गटात खेळतो, मी तिथे मदतनीस असतो.

ज्युनियर हॉकीत सगळंच गोड नाही. तुमच्याच प्रांतातल्या स्विफ्ट करंट ब्रॉंकोजचा माजी खेळाडू शेल्डन केनेडी याने आपल्या प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल उघड बोलायचं धाडस १९९० च्या दशकात केलं आणि तो प्रशिक्षक तुरुंगात गेला. आज आम्हा पालकांना जे 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट'चं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यामागे हाच शेल्डन आहे. पोलिसांचा दाखला मागतात तो मुलांना तुमच्यापासून जपायला. तुमच्या मुलीला जपायचं काम तुमचं, आणि त्यात भिडस्तपणा करू नका. नव्या मुलांना छळण्याचे, दारू पाजण्याचे प्रकार या खेळात झालेले आहेत. २०२२ मध्ये हॉकी कॅनडाचं अख्खं संचालक मंडळ पायउतार झालं ते लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कशा हाताळल्या यावरूनच.

म्हणून त्या बाईंना सरळ विचारा. रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं, मित्र-मैत्रिणी घरात आणायच्या का, दारू सापडली तर काय, आणि आमचं जमलं नाही तर किती दिवसांत तुम्ही त्याला दुसरीकडे हलवाल. लेखी घ्या. मुलीची खोली वरच्या मजल्यावर आणि त्याची खाली हे आपोआप आहेच, ते नियम म्हणून बोलून दाखवा. मुलगा चांगला असेल तर त्याला राग येणार नाही. बेसमेंटच्या खिडकीतून बाहेर पडता येतं का तेही बघा, आगीसाठी लागतंच, आणि रात्री कोण आलं-गेलं हेही कळतं. आणि या सगळ्यानंतर पोटातला गोळा गेला नाही तर नाही म्हणा. घरं कमी पडताहेत हा क्लबचा प्रश्न आहे.

मिरजकर_मावशी

कॅलगरीकर, अगदी बरोबर. माझ्या घरात लहान कुणी नव्हतं म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबरचं राहिलं. नाताळात लीगला सुट्टी असते, मुलं आपापल्या घरी जातात. तुमच्या तीन आठवड्यांतले आठ-दहा दिवस त्यातच निघतील. उरलेल्या दिवसांसाठी क्लबकडे बदली घर असतं, पण ते आत्ताच बोलून ठेवा. रिकाम्या घरात त्याला एकटा ठेवून जाऊ नका. चांगला मुलगा असला तरी संघातल्या बाकी बावीस जणांना कळायला वेळ लागत नाही.

नाशिककर_गारठलेला

मंडळी, मनापासून आभार. काल हो सांगितलं. कॅलगरीकरांची यादी मी जशीच्या तशी इंग्रजीत करून नेली होती. ती बाई वाचून हसली, म्हणाली एवढं कुणी विचारत नाही, विचारायला हवं, आणि सगळ्याची उत्तरं सही करून दिली. बदली घराचंही ठरलं, तिच्याच बहिणीचं.

मुलगा अठराचा आहे, डिफेन्स खेळतो, ब्रिटिश कोलंबियाचा. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्याचा निरोप आला, माझी बहीण दूधसुद्धा पीत नाही, तुमचं तर बरंच बरं आहे. मुलीने त्याच्या दारावर लावायला पाटी रंगवली आहे, फक्त नंबर कळला नाही म्हणून मध्ये जागा सोडली आहे. बायकोने तुरीची डाळ पाच किलो आणली. मी म्हटलं, आधी जिंकू तर दे.

मावशी, एकच विचारायचं होतं. ती बॅग मार्चमध्ये येणार म्हणताय, तर गॅरेजमध्ये तिच्यासाठी आत्ताच जागा करून ठेवू का?

मिरजकर_मावशी

करा. भिंतीला दोन मोठे हुक आणि एक दोरी, पंखा लावता येईल अशा बेताने. मार्चमध्ये गॅरेजात बोटं वळत नाहीत, आत्ताच ठोकून घ्या. तोवर तिथे मुलीची सायकल टांगा.

आणि १० जानेवारीला संध्याकाळी रजा टाका.